दहा शिफारशी आणि एक तक्रार

कारापूर,
२ मार्च २०२४

आत्या,

सिद्धीचा वाकून नमस्कार. फोन न करता कागद का धाडते आहे, हे तुला कळेलच. तुझ्या गेस्टहाऊसवर फोन लावला की तुझा सर्वेश तो स्पीकरवर टाकतो आणि खोली नंबर चारमधल्या रशियन बाईपर्यंत सगळे ऐकतात. आमच्या घरात लावला की बाबा ऐकतात. गुरुदास कंडक्टर तुमच्याच वाड्यावरचा, ड्युटी संपवून येताना तो हे हातात देईल. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे. फाटलेलं मिळालं तर त्याने वाचलं असं समज.

लहान मुलांची डॉक्टर होऊन मला तीन वर्षं झाली. डिसेंबरात मी एका परदेशी प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. वर्षभराचं आहे. आधी चार महिने स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात वर्ग, मग आठ महिने मालावीत, म्हणजे आफ्रिकेत, एका जिल्हा इस्पितळात काम. जगभरातले बालरोगाचे डॉक्टर अर्ज करतात आणि जागा चार. माझी मुलाखत झाली. परवा ईमेल आली की माझं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं आहे. चौघांपैकी कोणी नाही म्हटलं तर मे अखेरपर्यंत कळवतील. कोणी नाही म्हटलं नाही तर संपलं, आणि पुढच्या वर्षी मी त्यांच्या वयाच्या अटीत बसत नाही.

हे मी बाबांना सांगितलं. इथे माझं चुकलं.

बाबांनी एकतीस वर्षं पंचायत सचिवाची नोकरी केली. त्यांच्या लेखी जगात याद्या दोनच, एक जिच्यात नाव लागतं आणि एक जिच्यात लागत नाही. मी प्रतीक्षा यादी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, नाव लागलं ना, मग झालं. उरलेलं कोणाला तरी सांगून करून घेऊया. मी विचारलं, स्कॉटलंडमध्ये कोणाला सांगणार. म्हणाले, असतो कोणीतरी. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कारापुराच्या लेखी मी स्कॉटलंडला निघाले होते. प्रशांत पंचाने पाडव्याला देवळाच्या मंडपात सत्कार जाहीर केलाय. बॅनरसाठी फोटो मागायला माणूस आला, मी दिला नाही. तेव्हा त्यांनी माझ्या दहावीच्या सत्काराचा फोटो काढून वापरला. वेण्या आहेत.

तुला खरं सांगते, मला ही जागा हवी आहे. गेल्या पावसात उपकेंद्रात एक पाच महिन्यांचं बाळ आणलं. धाप लागलेली. वीज गेली होती आणि बोटाला लावायचं यंत्र बंद पडलं होतं. मी ते यंत्र तळहातावर आपटत उभी. तेवढ्यात आमची नर्स गौरवी बाळाच्या छातीकडे आणि स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "डॉक्टर, बासष्ट." मिनिटाला बासष्ट श्वास. तिने मोजले होते. ते मोजायला मीही शिकले होते, परीक्षेपुरते. बाळ वाचलं, पण मी अजून त्या बंद यंत्रापाशीच उभी आहे. मालावीतल्या त्या इस्पितळात असंच शिकवतात, हाताने, डोळ्यांनी, मोजून. म्हणून जायचं आहे.

बाबांना मालावीचं सांगितलेलं नाही, फक्त स्कॉटलंड सांगितलं आहे. बाबा या जगात एका तुझंच ऐकतात. त्यांना हा सत्कार थांबवायला सांग. एवढंच मागणं.

तुझी,
सिद्धी


मांद्रे,
७ मार्च

सिद्धी गो,

पाकीट फाटलेलं नव्हतं. पण देताना गुरुदासाने माझं अभिनंदन केलं. तेव्हा काय समजायचं ते तूच समज.

मालावी कुठे आहे ते मी खोली चारच्या बाईला विचारलं. तिने मोबाइलवर दाखवलं. मोठ्ठं तळं आहे आणि काठाने गेस्टहाऊसं. म्हणजे मांद्र्यासारखंच, फक्त पाणी गोडं. तिथे जायला आधी स्कॉटलंडला का जायचं, हे मला कळलं नाही. मग आठवलं, माझ्याकडे दरवर्षी गोरे येतात, महिनाभर चटईवर बसायला शिकतात आणि जाताना बसल्याचं प्रमाणपत्र घेऊन जातात. आमच्या आईने जन्मभर जमिनीवर बसून नारळ खवले, तिला कोणी प्रमाणपत्र दिलं नाही. तेव्हा बिनयंत्राची डॉक्टरी करायचा दाखला तू स्कॉटलंडहून आणलास तर मी कोण हसणार.

सत्कार थांबवायला मी नारायणाला सांगणार नाही. त्याला घाबरून नव्हे, तो माझा धाकटा भाऊ, त्याला मी विहिरीवर नेऊन अंघोळ घातली आहे. पण कारापुरात ठरलेला सत्कार थांबवता येत नाही. मागे एका मास्तराचा सत्कार ठरला आणि आदल्या दिवशी तो मास्तर वारला. सत्कार झाला. शाल फोटोला घातली.

तू तर जिवंत आहेस, तुला काय अडचण.

आता मला एक सांग. अर्जाबरोबर शिफारसपत्रं किती जोडलीस? तुझ्या बाबाने मला फोनवर सांगितलं की दोन मागितली होती आणि तू दोनच दिलीस. माझा विश्वास बसेना. अगो, दोन मागितली म्हणजे निदान दोन. लग्नाला दोन भाज्या करा म्हटलं म्हणून कोणी दोनच करतं? बाकीच्यांनी पोत्याने धाडली असतील आणि तू आपली दोन कागद देऊन प्रतीक्षेत बसलीस. डॉक्टर झालीस, पण तुला कोणी व्यवहार शिकवला नाही.

तू काळजी करू नको. मी बघते.

सुलोचना आत्या


कारापूर,
११ एप्रिल

आत्या,

"मी बघते" हे दोन शब्द वाचून मी सावध व्हायला हवं होतं. याआधी तू माझं बारसं, सर्वेशचा पासपोर्ट आणि शेजाऱ्यांची कुत्री बघितली होतीस.

सत्काराला तू पहिल्या रांगेत होतीस. पण तुझं लक्ष नव्हतं, तू हातात फाईल घेऊन मंडपभर फिरत होतीस. मला वाटलं, कोणाच्या तरी लग्नाची आमंत्रणं वाटते आहेस. तेव्हा स्टेजवर काय चाललं होतं ते ऐक. प्रशांत पंच म्हणाला की कारापूरची ही कन्या आता साऱ्या जगाची मुलं बरी करायला निघाली आहे. म्हणजे इथली झाली बरी करून. मग शाल, मग नारळ, मग गणपती. माझ्याकडे असे आता पाच गणपती झाले. शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी ठरवूनच गेले होते. माइक हातात घेऊन स्पष्ट म्हणाले की माझी निवड झालेली नाही, मी प्रतीक्षा यादीत आहे, आणि जागा मिळेलच असं नाही.

टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, बघ, किती साधी राहिली आहे.

आज सकाळी स्कॉटलंडहून ईमेल आली. तुमच्या वतीने पाठवण्यात आलेली अकरा अतिरिक्त पत्रं मिळाली, ती भाषांतरासाठी दिली आहेत, असं तिच्यात आहे. आत्या, अकरा. मी खुर्चीत बसले तर बाबा मागून वाचून म्हणाले, "भाषांतराला दिली म्हणजे फाईल टेबलावर आहे."

काय केलंस ते सगळं लिहून कळव. काही गाळू नकोस.

सिद्धी


मांद्रे,
१४ एप्रिल

सिद्धी गो,

रागावू नको. रागावलीस तरी पत्रं परत येत नाहीत, सर्वेशने मोबाइलने फोटो काढून पाठवली आहेत. पत्ता त्यांच्याच साइटवर होता. लपवायचा असता तर लपवला असता त्यांनी.

तू म्हणालीस सगळं लिही, म्हणून लिहिते. प्रशांत पंचाने लगेच दिलं. त्याच्याकडे तयार होतं, व्हॉलीबॉल क्लबच्या कप्तानासाठी केलेलं. त्यात नाव बदललं. सर्वेश म्हणतो खाली एका ओळीत तू नेटजवळ चपळ आहेस असं राहून गेलंय, पण ते कोण वाचतो. भजनी मंडळाने लिहिलं की घराणं सुरात आहे. पाववाल्या पोदेराने लिहिलं की या घरात वीस वर्षं पाव जातो आणि कधी कुरबूर झाली नाही. हे मला सगळ्यात आवडलं, कारण ते खरं आहे. खोली चारच्या बाईने रशियनमध्ये दोन पानं लिहिली. तिने तुला पाहिलेलं नाही, पण लिहिता लिहिता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा चांगलंच लिहिलं असणार. नारायणाने स्वतःच्या मुलीची शिफारस स्वतःच केली आणि खाली पंचायतीचा गोल शिक्का मारला. तो शिक्का निवृत्त होताना परत केला असं त्याने मला शपथेवर सांगितलं होतं.

आणखी पाच अशीच, मिळून दहा झाली. मग मला वाटलं, हे सगळे गाववाले आणि घरचे. ज्यांची पोरं तू तपासतेस त्या बायांपैकी कोणाचा तरी कागद हवा. म्हणून मी तुमच्या त्या गौरवी नर्सला सांगितलं. तिने उपकेंद्रात बायकांना सांगितलं की डॉक्टरबाईंविषयी कोणाला लिहायचं असेल तर लिहा, वर पाठवायचं आहे. एकीने दिलं. लाटंबार्शाची पद्मावती म्हणून कोणी आहे. सत्काराच्या दिवशी गौरवीने ते बंद पाकीट माझ्या हातात ठेवलं. सर्वेशने फोडून फोटो काढला. अक्षर बारीक होतं आणि माझा चष्मा नव्हता, म्हणून वाचायचं राहिलं. पण तीन पानं आहेत गो. तीन पानं कोणी उगाच कौतुक करत नाही.

आता कौतुकाला कमी नाही. स्वस्थ बस.

आत्या


कारापूर,
२ मे

आत्या,

बरोबर म्हणालीस. तीन पानं कोणी उगाच कौतुक करत नाही.

काल ईमेल आली. चौघांतल्या एकीने नकार दिलाय. जागा रिकामी आहे आणि ती माझी होती. पण पुढे लिहिलं आहे की तुमच्या फाइलमध्ये तुमच्या कामाविरुद्ध एक लेखी तक्रार आली आहे. तिच्यावर तुमच्याशी बोलल्याशिवाय जागा देता येणार नाही. पंधरा तारखेला पुन्हा मुलाखत. समाधान झालं नाही तर यादीतल्या दुसऱ्याला.

त्या पत्राची प्रत त्यांनी पाठवली. तुझ्यासाठी उतरवून काढते. चष्मा लावून वाच.

"वर बसलेल्या डॉक्टर साहेबांस,
अर्जदार पद्मावती, राहणार लाटंबार्से, माहेर दोडामार्गाकडे, शिक्षण नववी. विषय, बुधवारच्या डॉक्टरबाई.

साहेब, उपकेंद्रात दर बुधवारी सकाळी नऊ ते बारा पोरांची वजनं आणि टोचणी असतात. शिगम्याच्या आधीपासून मे संपेपर्यंत आम्ही काजींच्या डोंगरात असतो. बोंडं पहाटेची पडलेली असतात, ती ऊन चढायच्या आत गोळा करावी लागतात. आम्ही उपकेंद्रात पोचतो साडेअकराला. मग बाई ओरडतात. पोर मोठं की काजू मोठे, असं विचारतात. साहेब, पोर मोठं म्हणूनच काजू. बाई पोरांवर ओरडत नाहीत, पोरांशी फार हळू बोलतात. तसं आमच्याशी बोलल्या तरी आम्हाला चालेल.

दुसरं, माझ्या रेश्माला जुलाब झाले. बाईंनी पुडी दिली आणि एक लिटर पाण्यात घाला म्हणाल्या. आमच्याकडे लिटरचं माप नाही. तसं सांगितलं तर म्हणाल्या, दुकानातल्या पाण्याच्या बाटलीने मोजा. आमच्याकडे पाणी विकत कोण घेतो. मी घरी जाऊन विचार केला. आमच्या वाड्यावर हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, बाटल्या प्रत्येक घरात. ती बाटली पाऊण लिटरची असते हे नवऱ्यामुळे मला माहीत. तीन वेळा उकळत्या पाण्याने धुतली, एक बाटली भरून पाणी घेतलं आणि वर बाटलीचा तिसरा हिस्सा. कुलेरीने एकेक चमचा पाजत दिवस काढला. रेश्मा बरी झाली. बाईंना सांगितलं तर त्या डोळे मोठे करून बघत राहिल्या. पण साहेब, हे बाईंनी मला सांगायला पाहिजे होतं, मी बाईंना नव्हे.

नर्स म्हणाली बाई शिकायला परदेशी जाणार. जाऊ दे. त्यांना नीट शिकवा. पण शिकवून परत पाठवा. आमच्याकडचं माणूस शिकलं की परत येत नाही, ही तिसरी तक्रार. ही बाईंवर नाही.

तरी साहेबांनी योग्य ती कारवाई करावी ही विनंती."

यातला एकही शब्द खोटा नाही. पोर की काजू हे मी म्हणाले आहे. एकदा नाही, दर बुधवारी. आत्या, दहा खोट्या शिफारशींत त्यांना हे एकच पत्र खरं दिसलं, आणि माझी जागा आता त्याच्यावर टांगली आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे, पण कशावरून ते सापडत नाही.

सिद्धी


मांद्रे,
६ मे

सिद्धी गो,

पत्र चष्मा लावून तीनदा वाचलं. सर्वेशने दोनदा येऊन विचारलं, आई बरी आहेस ना. मग दुसऱ्या दिवशी उठले आणि थेट लाटंबार्शाला गेले, तिच्याशी भांडायला. म्हापशाला बस बदलली, डिचोलीला बदलली, आणि वाटेत काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं.

ती अंगणात बोंडं पिळायला बसली होती. पोरगी कडेला मातीत. मी काही बोलायच्या आत तिने मला नीरो दिला, काजूच्या बोंडांचा ताजा रस. तुला तो घशात टोचतो. मला आवडतो. प्यायले, आणि अर्धं भांडण तिथेच गेलं. मग मी म्हटलं, अगो बाय, तुला शिफारस द्यायला सांगितली होती, तू तक्रार दिलीस. आमच्या पोरीची जागा चालली.

तिने हातातलं बोंड खाली ठेवलं. मला म्हणाली, "काकी, वर पाठवायचा कागद म्हणजे तक्रारच ना? चांगलं असलं तर वर कोण कळवतो?"

खरंच आहे. रस्त्याबद्दल वर कागद गेला, पाण्याबद्दल गेला, बसबद्दल गेला. कधी कोणी पुढ्यात कागद ठेवून म्हटलं आहे का, की बाय, काय छान चाललंय ते लिहून दे. आणि लिहिलं त्याचं काही होतं असं तिला वाटलंही नव्हतं. आजवर तिच्या एकाही कागदाला उत्तर आलेलं नाही. यालाच आलं, तेही समुद्रापलीकडून. तुझी जागा जाणार हे ऐकून ती रडवेली झाली. लगेच म्हणाली, मी दुसरं लिहून देते, आधीचं रागात लिहिलं असं. मी म्हटलं, खबरदार.

का म्हटलं ते मला माहीत नाही. बहुतेक नीरो जास्त झाला.

आता ऐक. तुझ्या बाबाने तुझ्यासाठी उत्तर तयार करून ठेवलं आहे. त्यात तक्रारदार बाई विरोधी गटाची आहे असं लिहिलंय. ते घेऊ नको. तुला मी लहानपणापासून बघते, तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात आणि त्या कॅमेऱ्यात कान दिसतात. पद्मावती चार वाजता मोकळी असते. तिच्या वाड्यावरच्या सगळ्याच बाया चार वाजता मोकळ्या असतात, मी विचारलं. हे तुला कळवते आहे, पुढचं तू डॉक्टर.

येताना तिने मला पिशवीभर ओले काजूगर दिले. भांडायला गेलेल्या माणसाला काजूगर देणारी बाई तक्रार करते, तेव्हा ऐकून घ्यावी.

आत्या


कारापूर,
१ जून

आत्या,

मुलाखत कशी झाली ते मी इतके दिवस कळवलं नाही, कारण मलाच कळलं नव्हतं. आता क्रमाने सांगते.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी गौरवीला विचारलं, बुधवारचं काम दुपारी चारला केलं तर. ती म्हणाली, "डॉक्टर, दोन वर्षं झाली मला हे सुचून. तुम्ही विचारलं नाही." वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हंगामापुरती परवानगी दिली. घाईत निरोप गेला तरी त्या बुधवारी चारला एकोणीस पोरं आली. सकाळच्या वेळेला सहा-सातच पोरं येत. पद्मावती आली नाही. तिला वाटलं मी तिला बघून ओरडेन.

पुढच्या बुधवारी, पंधरा तारखेला, सकाळी मुलाखत. पडद्यावर तिघं होती, मधल्या पिकल्या केसांच्या बाई मुख्य. बाबा दाराआड उभे होते, त्यांचं धोतर मला दिसत होतं. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, तक्रार खरी आहे का. मी म्हटलं, खरी आहे. बाहेरून बाबा खाकरले. पत्रात आहे तसंच बोललात का. मी म्हटलं, त्याहून वाईट बोलले, तिने सौम्य करून लिहिलं आहे. मग त्यांनी बाटलीचं विचारलं. मी आपल्याकडच्या बाटलीचं माप, एक आणि वर तिसरा हिस्सा, सगळं सांगितलं. तिघांनीही लिहून घेतलं. आत्या, पंधरा मिनिटं मी स्कॉटलंडच्या तीन प्राध्यापकांना हुर्राकाची बाटली समजावत होते. आठवडाभर पाठ केलेल्या माझ्या शोधनिबंधाचं कोणी नावही घेतलं नाही.

मग चार वाजताच्या कामाचं सांगितलं. हेही सांगितलं की ते मला सुचलेलं नाही, गौरवीला सुचलं होतं आणि पद्मावतीने लिहिलं. तेव्हा त्या बाई चष्मा काढून म्हणाल्या, "मग तुम्हाला आमच्याकडे यायची गरज काय? तुमची शिक्षिका तर तुमच्या गावातच आहे."

 तयार केलेली सगळी उत्तरं खोटी वाटायला लागली. शेवटी मी म्हटलं, "तिने मला सांगितलं, पण ऐकायला मला दोन वर्षं आणि एक तक्रार लागली. मला लवकर ऐकायला शिकायचं आहे."

त्यांनी आभार मानले आणि पडदा काळा झाला. बाबा आत येऊन म्हणाले की गेली जागा, तू सगळं कबूल केलंस. मलाही तसंच वाटलं.

काल ईमेल आली. जागा दिली आहे. सप्टेंबरात निघायचं.

बाबांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मी मार्चमध्येच सांगितलं होतं, नाव लागलं म्हणजे झालं. मग मी तिथेच मालावीचं सांगून टाकलं, आठ महिने, आफ्रिका.  त्यांनी विचारलं, तिथे पंचायत असते का. मी म्हटलं, गावाचे मुख्य असतात, तेच सगळं बघतात. ते ऐकून त्यांना बरं वाटलं. आता ते म्हणतात की झालेला सत्कार स्कॉटलंडपुरता होता, मालावीचा वेगळा करावा लागेल. प्रशांत पंच तयार आहे.

एक अट मात्र आहे. प्रशिक्षण संपल्यावर प्रत्येकाच्या कामाबद्दल त्याच्या गावच्या एका माणसाचं मत मागवतात. बाकीच्यांनी आपापले वरिष्ठ डॉक्टर दिले आहेत. माझ्या बाबतीत समितीनेच नाव घातलं, अकरावं पत्र लिहिणारी व्यक्ती. परत आल्यावर तीन महिने माझं काम बघून तिने लिहायचं की मी सुधारले की नाही. तिचं समाधान झालं तरच दाखला.

हे तिला समजावून सांगायला मी गेले तर ती घाबरेल. तू जा. तुला ती काकी म्हणते.

तुझी,
सिद्धी


मांद्रे,
९ जून

सिद्धी गो बाय,

शुक्रवारी जाऊन आले. काजींचा हंगाम संपला, ती शेतावर होती. बांधावर बसवून सगळं सांगितलं. तुला जागा मिळाली म्हटल्यावर तिने पोरीचा मुका घेतला, तुझा घेता येत नव्हता म्हणून. मग मत द्यायचं सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं की खरंच तीच का, पंच नको का, नर्स नको का. मी म्हटलं, तूच, त्यांनी तुझंच नाव घातलं आहे.

तिला आधी पटेना. मग ती विचारात पडली. मला वाटलं जबाबदारीने घाबरली. म्हणून मी म्हटलं, घाई नाही, दीड वर्षाने लिहायचं आहे, ती परत आल्यावर.

ती घरात गेली आणि वहीचं पान घेऊन आली. वरच्या साहेबांच्या नावाची जागा कोरी सोडायची का एवढंच विचारलं, आणि मांडीवर वही ठेवून तिथेच लिहून काढलं. वाचायला मागितलं तर हसून दिलं. या वेळी चष्मा होता माझ्याकडे. पाच ओळी आहेत. डॉक्टरबाई फारशा सुधारल्या नाहीत, अजून ओरडतात, माप सांगायला विसरतात, तरी त्यांना आमच्याकडेच ठेवून सुधारावं, असं आहे.

मी म्हटलं, हे काय गो, अजून ती गेलीसुद्धा नाही.

पद्मावती म्हणाली, "काकी, चांगलं लिहिलं तर ते तिला तिथेच ठेवून घेतील."

मी तिला म्हटलं, ठीक आहे, पण तारीख घालू नको.

निघायच्या आधी एकदा तिच्याकडे जाऊन ये. ओरडू नकोस.

आत्या